माझ्या बनगरवाडीतले माड

आमच्या घरात एक कायदा होता. कादंबरीवरचा सिनेमा बघायचा तर आधी कादंबरी वाचायची, तीही पूर्ण. कायदा मी केला, राबवला मी आणि दंडही मीच ठोठावला. वीसेक वर्षं तो चालला. आता तो नाही. कसा गेला ते सांगायचं तर मला आधी जरा उघडं पडावं लागेल.

बढाईपासूनच सुरुवात करते, कारण मुळात सगळी बढाईच होती. बँकेतली नोकरी, घरचं सगळं, आणि तरी महिन्याला चार पुस्तकं वाचणारी बाई अशी माझी ख्याती होती. ती मला आवडायची. थिएटरातून बाहेर पडताना जिन्यावरच मी निकाल द्यायचे, "पुस्तकाची वाट लावली." कधी कधी तर मध्यंतरातच, बटाटावडा खाता खाता. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नसायचं ते गप्प व्हायचे. त्यांचं ते गप्प होणं मला फार गोड लागायचं. आज वाटतं, अर्धे सिनेमे मी तेवढ्यासाठीच बघितले असतील.

अर्थात याला मी बढाई म्हणत नव्हते. माझ्याकडे त्याचं नीट कारण तयार होतं. वाचताना माणसं आपण मनात घडवतो. त्यांचा चेहरा, आवाज, चाल, घराचं दार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा. सिनेमा आधी बघितला की हे काम दुसराच कुणी करून ठेवतो आणि आपल्या वाट्याला येतं ते उष्टं वाचन. 'उष्टं वाचन' हा शब्द माझा. आमच्या वाचनालयाच्या गटात तो चांगला रुळला होता. लोक मला विचारून तो वापरायचे, याचंही मला कौतुक.

आता पहिली कबुली. 'सिंहासन' मी आधी बघितला आणि मग वाचला. दूरदर्शनवर बघितला, कॉलेजात असताना. अरुण साधूंची त्याच नावाची कादंबरी आणि 'मुंबई दिनांक', अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली होती आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये सिनेमा केला होता, यातलं काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सिनेमाने मला झपाटलं, म्हणून मी दोन्ही पुस्तकं शोधून वाचली. वाचताना मुख्यमंत्री अरुण सरनाईकांच्या चेहऱ्याने बोलत होते, दाभाडे डॉ. लागूंच्या आवाजात, आणि दिगू टिपणीस तर निळूभाऊंशिवाय दुसरा कुणी असू शकतो हे मला आजही पटत नाही. इतक्या आनंदाने मी फार थोडी पुस्तकं वाचली आहेत. पण पुढे गटात 'सिंहासन'वर चर्चा झाली तेव्हा मी सरळ सांगितलं की दोन्ही कादंबऱ्या मी सिनेमाच्या आधी वाचल्या होत्या. कुणी विचारलंही नव्हतं. नियम करणारीने स्वतःच उष्टं खाल्लं होतं आणि तोंड पुसून ती इतरांना सोवळं शिकवत होती.

दुसरी कबुली जड आहे. २०१२ च्या जानेवारीत 'शाळा' लागला. माझी लेक तेव्हा नववीत होती. मिलिंद बोकिलांचा मुकुंद जोशीही नववीतलाच. यापेक्षा नेमका योग दुसरा कुठला असणार? तिच्या वर्गातल्या सात-आठ मुली मिळून जाणार होत्या, शनिवारी दुपारच्या खेळाला. तिने पैसे मागितले. मी कपाटातून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे संपव, मग जा." तिच्याकडे चार दिवस होते आणि त्यात गणिताची चाचणी. शुक्रवारी रात्री ती माझ्यासमोर पुस्तक घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ८४ पानं झाली. बाकीचं आल्यावर वाचते. प्रॉमिस." मी नाही म्हटलं. तिने आदळआपट केली नाही. पुस्तकात चाचणीच्या पेपराचा तुकडा खूण म्हणून घातला आणि ते टेबलावर ठेवून झोपायला गेली. मैत्रिणी गेल्या. सोमवारी वर्गात त्या मुकुंदच्या शिरोडकरबद्दल बोलत असताना ही काय करत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. उलट, आज ना उद्या ती माझे आभार मानेल असं मला वाटत होतं. पुस्तकाच्या ८५व्या पानावर ती कधीच गेली नाही.

एवढं सगळं होऊनही माझ्या कायद्याला तडा गेला नव्हता. तो गेला एका घोंगडीवाल्या सिनेमामुळे, आणि तोही मी आधी एकदा बघून नापास केलेल्या.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी १९८२ मध्ये वाचली. दहावीची परीक्षा झाली होती आणि मी गुहागरजवळ आजोळी होते. सुटीत ओटीवर पालथी पडून दीड दिवसात संपवली. लहानसं पुस्तक, १९५५ सालचं. औंध संस्थानातला कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालवायला जातो, त्याची गोष्ट. म्हातारा कारभारी, आनंदा रामोशी, शेकू, तालीम बांधायचा घाट, आणि शेवटी दुष्काळात ओस पडलेली वाडी. त्यानंतर मी ते चार वेळा वाचलं. पुस्तकाची ती प्रत अजून माझ्याकडे आहे, समासात पेन्सिलीने लिहिलेल्या शेऱ्यांसकट.

अमोल पालेकरांनी त्यावर १९९५ मध्ये सिनेमा केला. मी तो पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला बघितला. जाण्याआधी नियमाप्रमाणे पुस्तक पुन्हा वाचून गेले. आणि परत येऊन डायरीत लिहिलं, "ही माझी बनगरवाडी नव्हे. उजाड, कोरडं. त्यांना गाव उभं करता आलं नाही." डायरी जपून ठेवायची सवय वाईट. आपला मूर्खपणा तारीखवार सापडतो.

इथे घरचं थोडं सांगायला हवं. माझं लग्न १९९१ मध्ये झालं, आंतरजातीय. माझ्या माहेरचं वर्षभर कुणी बोललं नाही. सासर आटपाडी तालुक्यातलं, धनगरांचं. माडगूळकरांचं माडगूळं तिथून जवळच. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. लहानपण मेंढरांमागे गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. बहात्तरच्या दुष्काळात उरलीसुरली मेंढरं विकून ते पुण्यात आले आणि एसटीच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले. लग्नानंतर नव्या सुनेच्या उत्साहाने मी त्यांना 'बनगरवाडी' वाचायला दिली होती. दोन दिवसांनी पुस्तक पुन्हा कपाटात दिसलं. मी मनात नोंद केली की यांना वाचनाची आवड नाही. विषय संपला. पुढची पंचवीस वर्षं तो मी उघडला नाही.

२०१६ च्या मे महिन्यातली संध्याकाळ. मामा अठ्ठ्याहत्तरचे होते, सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते आमच्याकडेच राहत होते. घरात दोघंच होतो. मी भाजी निवडत होते, ते टीव्हीची बटणं दाबत होते. एकदम म्हणाले, "आगं, हे आपल्याकडचं रान दिसतंय." बघितलं तर 'बनगरवाडी' लागला होता. मास्तर माळावरून चालत होता.

मामा सहसा खुर्चीत मागे रेलून बघायचे आणि दहा मिनिटांत घोरायचे. त्या दिवशी ते पुढे सरकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मेंढरं आली की त्यांचे ओठ हलायचे. आधी मला वाटलं पुटपुटताहेत, मग कळलं की ते मोजत होते. मध्येच माझ्याकडे न बघता ते बोलायचे. रात्री मेंढरं वाघरीत कशी कोंडायची, वाघर म्हणजे जाळं, त्याच्या खुंट्या ठोकायचं काम पोरांचं. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि त्याचं धान्य द्यायचे, त्या धान्यावर आई घर कसं चालवायची. घोंगडं पावसात भिजलं की त्याचं वजन किती होतं. संस्थानच्या शाळेत रोज घालावे लागणारे सूर्यनमस्कार, आणि एकदा लांबून बघितलेले औंधचे पंतप्रतिनिधी. पंचवीस वर्षांत यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणजे, विचारलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तू बघितलाय ह्यो आधी?"

"बघितलाय. मला नव्हता आवडला."

"का गं?"

"पुस्तकातलं गाव असं नाहीये, मामा."

"मग कसं हाय?"

साधा प्रश्न. कुतूहलाने विचारलेला. मी हातातली गवार बाजूला ठेवली आणि सांगायला लागले. वाडीत शिरलं की डाव्या हाताला कारभाऱ्याचं घर, चिऱ्याचा गडगा, पुढे पडवी. कौलं जुनी, शेवाळ धरलेली. मागे विहीर, विहिरीवर रहाट. शाळेच्या पलीकडे झाडी, आणि त्या झाडीत…

इथे मी थांबले. कारण झाडीत मला माड दिसत होते.

माणदेशात माड! जिथे वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस पडतो, जिथे मी स्वतः पंचवीस वर्षं दिवाळीला आणि जत्रेला जात होते, तो माळ डोळ्यांनी बघत होते, तिथली धूळ लेकीच्या केसांतून धूत होते, तिथे मी चौतीस वर्षं नारळाची झाडं उभी करून बसले होते. कारभाऱ्याचा चेहराही मी आता नीट बघितला. तो माझ्या आजोबांचा होता. गुहागरच्या आजोबांचा, कानातल्या भिकबाळीसकट.

मामा माझ्याकडे बघत होते. मग ते हसले. थट्टेने नव्हे, लहान मुलाने चुकीच्या पायात चप्पल घातली की हसतो तसे. म्हणाले, "पोरी, ह्यो तर तुझ्या आजोळचा गाव झाला."

त्या वाक्याशी मी खूप दिवस बसले आहे. ज्या चित्राच्या नावाने मी सिनेमावाल्यांना फासावर द्यायचे, ते चित्र लेखकाचं कधीच नव्हतं. माडगूळकरांनी माळ लिहिला होता. मी त्याच्यावर कोकण अंथरलं होतं. म्हणजे पहिला सिनेमा माझाच होता. सोळाव्या वर्षी, ओटीवर पालथं पडून, घरात होतं नव्हतं ते सामान लावून उभा केलेला. पालेकरांचा दुसरा. आणि माझ्यासारखा नाही म्हणून मी त्याला उजाड म्हटलं, कोरडा म्हटलं. तो कोरडाच असायला हवा होता! शेवटी वाडी ओस पडते ती कशाने?

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. अनोळखी गावाची गोष्ट वाचताना आजोळ वापरलं, हे एक वेळ समजू शकते. सोळा वर्षांच्या मुलीकडे दुसरं काय असतं? पण पुढे ते गाव माझं सासर झालं. त्यानंतरही मी तीनदा पुस्तक वाचलं आणि तीनही वेळा माड तसेच राहिले. डोळ्यांसमोरचा माळ पुस्तकात घ्यावा असं मला वाटलं नाही. माझ्या मनातलं 'साहित्य' आणि माझ्या सासरचा 'गाव' यांचे रस्ते कुठे मिळतच नव्हते. आंतरजातीय लग्न करून मी स्वतःला पुरोगामी म्हणवत होते. पुस्तकातल्या धनगराला मात्र माझ्या आजोबांची भिकबाळी घातल्याशिवाय मी मोठा माणूस मानायला तयार नव्हते. हे लिहितानाही हात अडखळतो.

त्या संध्याकाळी सिनेमात वाडीचे दिवस फिरायला लागले तसे मामा उठले. म्हणाले, "पुढचं म्हायत हाय," आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी शेवटपर्यंत बघितला. एकटीने, पहिल्यांदाच.

त्या रात्री मी पुस्तक काढलं. दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं, "वाचून दाखवू का?" ते म्हणाले, "वाच की." तेव्हाच, पंचवीस वर्षांपूर्वी पुस्तक परत का ठेवलं होतं तेही विचारलं. "दोन पानं वाचली," ते म्हणाले, "सगळं म्हायतीतलंच. म्हटलं, ह्यात छापण्यासारखं काय हाय?" एवढ्या नेमक्या शब्दांत माडगूळकरांचं कौतुक केलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

महिनाभर रोज दुपारी आठ-दहा पानं असं वाचन चाललं. माझ्या व्याख्येनुसार हे उष्ट्यातलं उष्टं. आधी सिनेमा, मग पुस्तक, तेही दुसऱ्याच्या तोंडून. पण मामांना पुस्तक जितकं ऐकू येत होतं तितकं मला ते आधीच्या सगळ्या वाचनांत ऐकू आलं नव्हतं. माझे उच्चार ते सुधारायचे. एखाद्या वाक्यावर हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "हां, हे पुन्ना वाच." शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःच्या खांद्यावर जू घेते, तो प्रसंग आला. त्याच्या समासात मी कॉलेजात असताना लिहून ठेवलं होतं, "स्त्रीच्या सोशिकतेचं विलक्षण प्रतीक!" उद्गारचिन्हासकट. वाचून झाल्यावर मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रानात ओल होती का?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. जमिनीत ओल असेल तर एक वेळ ओढवतं. कोरड्या रानात माणसाचा खांदा फुटतो.

मी समासातला शेरा खोडरबराने पुसून टाकला. पेन्सिल जुनी होती, नीट पुसला गेला नाही.

एका दुपारी मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला आवडलेला सिनेमा कुठला. ताबडतोब म्हणाले, 'दो आँखें बारह हाथ'. शांतारामबापूंचा १९५७ चा. त्याची कथा व्यंकटेश माडगूळकरांच्या थोरल्या भावाची, गदिमांची. औंधच्या राजांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची उघडी वसाहत काढली होती, तिच्यावरून सुचलेली. मी सवयीने विचारून गेले, "त्याआधी तुम्ही काही वाचलं होतं का त्याबद्दल?" मामा म्हणाले, "वाचतोय कशाला? आधी स्वतंत्रपूर बघितलं हुतं." मेंढरं घेऊन त्याच बाजूने जायचे ते.

माझ्या बढाईचा हिशेब मांडायला बसले तर माझ्या आईपर्यंत जावं लागतं. आईने अत्र्यांचा 'श्यामची आई' तंबूत बघितला होता. पुस्तक तिच्या हाती आलं ते माझ्या जन्मानंतर. पुस्तक वाचताना तिला वनमालाबाईच दिसायच्या, आणि दर वेळी ती रडायची. मी कॉलेजात असताना तिला म्हणाले होते की तुझं रडणं सिनेमाचं आहे, पुस्तकाचं नाही. काय बोलले होते मी! तिने उत्तर दिलं नव्हतं, तांदूळ निवडत राहिली. मजा अशी की ते पुस्तक वाचताना माझं मनातलं चित्र अगदी बरोबर होतं, माड, पडवी, गडगा सगळं जागच्या जागी. साने गुरुजींचं पालगड कोकणातलंच. त्यात माझ्या कल्पनाशक्तीचं कर्तृत्व शून्य.

मामा २०१९ मध्ये गेले. आता मी कधी पुस्तक आधी वाचते, कधी नंतर, कधी सिनेमावरच थांबते. गटात 'सिंहासन'बद्दलचं खोटं सांगून टाकलं. मला वाटलं होतं खळबळ माजेल. एक बाई म्हणाल्या, "अहो, आम्हीही सिनेमाच आधी पाहिला होता, तुमच्या धाकाने बोललो नाही," आणि चहा आला.

राहता राहिली लेक. ती बंगळुरूला नोकरी करते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा मी धीर करून म्हटलं, "'शाळा' बघू या का? दोघी." तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "पुस्तक संपवलेलं नाहीये मी," ती म्हणाली. मी म्हटलं, "माहीत आहे."

बघितला. पोरांचं 'इचिभना' ऐकून ती हसली, शिरोडकर गेल्यावर गप्प झाली. संपल्यावर मी वाट बघत होते, कशाची कुणास ठाऊक. ती उठली, आळस दिला आणि म्हणाली, "छान आहे. पण हा तेव्हाच बघायला हवा होता गं, त्या सगळ्यांबरोबर." आणि चहा टाकायला आत गेली.

पुस्तक कपाटात दुसऱ्या खणात आहे. ८४व्या पानावर गणिताच्या चाचणीचा तुकडा आहे, वीसपैकी तेरा गुण. मी तो काढलेला नाही.